पहिल्या मुठीचा डबा

मी एक जुना डबा आहे, मित्रांनो. पत्र्याचा. उंची एक वीत आणि चार बोटे, वर घट्ट बसणारे झाकण आणि झाकणाला तारेची कडी. माझ्यात दोन किलो तांदूळ मावतो, एक दाणाही जास्त नाही. बहुतेक दिवशी माझ्यात त्याहून पुष्कळ कमी असते, आणि ते तसेच असायला हवे. का, ते सांगतो.

माझा जन्म बोहरी आळीमागच्या एका गल्लीत झाला. तेलाचे रिकामे डबे कापून पत्रेकाराने मला बनवले. त्याने पत्रा हातोडीने ठोकून सरळ केला, वाकवला, कथील वितळवून सांधे जोडले. छापील बाजू त्याने आत घातली, म्हणून माझ्या पोटात आजही भुईमुगाच्या शेंगेचे अर्धे चित्र आहे. उरलेली अर्धी शेंग माझ्या कुठल्या भावंडाच्या वाट्याला गेली, मला माहीत नाही.

मला विकत घेतले मंदाकिनीने. ती नर्स होती, नुकतेच लग्न झाले होते आणि विश्रांतवाडीला दोन खोल्यांचे बिऱ्हाड मांडले होते. भांड्यांच्या फळीवर माझी जागा तिच्या सासूबाईंनी ठरवली. तांदळाच्या मोठ्या पिंपाशेजारी, हाताला येईल अशी. त्यांनी सुनेला माझे काम एकदाच समजावले.

"रोज भात टाकताना पिंपात हात घातलास, की पहिली मूठ या डब्यात. मग घरच्यासाठी वाटीनं मोज. आधी घरचं मोजून उरलेली मूठ टाकायची नाही हं. देवाचं आधी."

"आणि भरला की चर्चमध्ये द्यायचा?" मंदाकिनीने विचारले.

"देवबाप्पा काय भात खातो? ज्याच्या घरी चूल थंड असेल त्याच्याकडे न्यायचा. शनिवारी, स्वतःच्या पायांनी."

एवढेच. त्यानंतर पुढची कित्येक वर्षे मी मंदाकिनीची मूठ ओळखत आलो. तिच्या हाताला रुग्णालयातल्या जंतुनाशकाचा वास असायचा. तांदूळ माझ्यात पडला की आधी खणखणीत आवाज येई. रिकामा डबा मोठ्याने वाजतो, भरत आला की आवाज खाली बसतो. म्हणून झाकण न उघडताही मंदाकिनीला कळायचे की शनिवार किती जवळ आला आहे.

सुरुवातीला मी बऱ्याच घरांत जाऊन आलो. मग इंदुबाईंच्या घरी जाऊ लागलो आणि तिथलाच झालो.

इंदुबाई नर्सेसच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होत्या. मंदाकिनी शिकायला आली तेव्हा तिला भाकरी थापायला त्यांनीच शिकवले होते. पुढे त्यांचे यजमान गेले, वसतिगृहाची खानावळ बंद झाली, आणि त्या चार घरी पोळ्या लाटून दिवस काढू लागल्या. आमच्या घरापासून चालत बारा मिनिटांवर, एका दुमजली इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांची खोली होती. दाराबाहेर लाकडी बाक. त्याच्या शेजारी पिंपात लावलेला कढीपत्ता.

त्यांच्या घरी तुळस होती, आमच्या घरी क्रूस. मंदाकिनी निघण्यापूर्वी डोळे मिटून दोन मिनिटे प्रार्थना करायची, तेव्हा इंदुबाई गॅस बारीक करून गप्प बसायच्या. कोणी कोणाला आपल्याकडे ओढले नाही. तास तास गप्पा मात्र चालत, आणि त्यांत बहुतेक वेळा कोणाच्या तरी आमटीला नावे ठेवलेली असत.

इंदुबाईंनी मला कधीही रिकामे परत पाठवले नाही. तांदूळ ओतून घेतला, की माझ्यात त्या कढीपत्त्याची एक डहाळी घालत. "रिकामं भांडं परत करत नाहीत," म्हणत. त्यामुळे मंदाकिनीच्या स्वयंपाकघरात रविवारच्या सकाळी माझे झाकण उघडले की कढीपत्त्याचा वास सुटायचा, आणि तिचा मुलगा सुदर्शन झोपेतून उठून विचारायचा, "आज आमटी?"

एकदा वाईट काळ आला. मंदाकिनीचे यजमान शरच्चंद्र ज्या कारखान्यात होते, तो सात महिने बंद पडला. पिंपाचा तळ दिसू लागला. आठ वर्षांचा सुदर्शन एकदा आईचा हात धरून म्हणाला, "आई, आपणच घेऊया ना ही मूठ."

मंदाकिनी थांबली. तिची मूठ माझ्या तोंडावर मिटलेलीच होती. मग ती उघडली. दाणे नेहमीपेक्षा कमी होते, पण ते माझ्यात पडले.

त्या शनिवारी इंदुबाईंनी मला हातात घेतले आणि जरासे हलवले. आत गेल्या. परत आल्या तेव्हा मी आलो होतो त्याहून जड झालो होतो. वर कढीपत्ता, खाली ज्वारीचे पीठ, आणि त्याच्याही खाली मी नेलेला तांदूळ जसाच्या तसा.

"कढीपत्ता जरा जास्त झालाय," त्या म्हणाल्या. "ओझं होत असेल तर सुदर्शनला सांग धरायला."

मित्रांनो, मी पत्र्याचा आहे. मला रडता येत नाही. पण त्या दिवशी बारा मिनिटांच्या वाटेवर मंदाकिनीच्या डोळ्यांतले पाणी माझ्या झाकणावर पडले आणि तिथे पुढे गंजाचा एक ठिपका उमटला. तो अजून आहे.

नंतर चांगले दिवस आले. सुदर्शन शिकला, संगणकाच्या कंपनीत लागला. शरच्चंद्र समाधानाने गेले. सुदर्शनचे लग्न उत्कर्षाशी झाले, त्यांना ओवी झाली, आणि दोन वर्षांपूर्वी सगळे कुटुंब हिंजवडीत अकराव्या मजल्यावर राहायला आले.

नवे घर फार सुंदर आहे. खोटे कशाला बोलू? मंदाकिनीच्या गुडघ्यांना लिफ्टचा आराम मिळाला. गरम पाणी नळाला येते. स्वयंपाकघरात तांदळासाठी भिंतीला बसवलेले एक यंत्र आहे. कळ दाबली की खालच्या कप्प्यात मोजून एक वाटी तांदूळ पडतो. हात लावावाच लागत नाही.

आणि हात लागत नाही म्हटल्यावर मूठ कुठली?

मला कोणी फेकले नाही. आधी मी वरच्या फळीवर गेलो. मग उत्कर्षाला माझा आकार आवडला, म्हणून बाहेरच्या खोलीत टीव्हीखाली आलो. माझ्यात चार्जरच्या वायरी आल्या, एक बंद पडलेले घड्याळ आले, कसल्यातरी रिमोटचे दोन सेल आले. आवाज होताच, पण तो तांदळाचा नव्हता.

तिथून मला घर दिसायचे. रविवारची उपासना टीव्हीवर लागायची, कारण चर्च दूर आणि आठवड्यातून एकच सुट्टी. पहिले काही महिने सगळे नीट कपडे करून समोर बसत. मग चहा आला. मग चहाबरोबर इडली आली. मग सुदर्शन सोफ्यावर आडवा झाला. एकदा पाळकसाहेबांचा उपदेश चालू असताना त्याला कंपनीतून फोन आला आणि त्याने टीव्हीचा आवाज बंद केला.

"बरं झालं," मंदाकिनी म्हणाली. "आमच्या वेळी ही सोय नव्हती. संपेपर्यंत ऐकावं लागायचं."

सुदर्शन हसला. तो वाईट मुलगा नाही, मित्रांनो. हे मला आवर्जून सांगायचे आहे. आई दर आठवड्याला म्हणायची, "शनिवारी इंदुबाईंकडे नेशील का रे?" आणि तो मनापासून म्हणायचा, "पुढच्या शनिवारी नक्की." सुरुवातीला दोन-तीनदा नेलेही. मग रस्त्यावरची गर्दी, ओवीचा पोहण्याचा क्लास, कोणाचा तरी वाढदिवस. शनिवार भरत गेले आणि मी रिकामा राहिलो.

चार महिन्यांपूर्वी त्याने त्यावर उपाय काढला. मोबाइल आईसमोर धरून तो म्हणाला, "हे बघ. दर महिन्याला इंदूमावशीच्या दारात पिशवी जाणार. पाच किलो तांदूळ, दोन किलो डाळ, तेल. आपोआप. मूठ मूठ करून एवढं कधी झालं असतं?"

खरे होते. मुठींचा हिशोब केला तर ते दुपटीहून जास्त होते. मंदाकिनीला बोलायला जागाच उरली नाही. ती फक्त म्हणाली, "त्यांना कळेल ना, आपण पाठवलंय ते?"

"त्यांचं नाव, पत्ता, सगळं बरोबर घातलंय."

पिशवी पोहोचली की मोबाइलवर तसा संदेश यायचा आणि सोबत दारातल्या पिशवीचा फोटो. सुदर्शन संदेश वाचून आईला सांगायचा, "पोहोचलं." फोटो कोणी उघडत नसे. पोहोचले म्हटल्यावर काय पाहायचे?

दुसऱ्या महिन्यापासून इंदुबाईंचा फोन लागेना. मंदाकिनी काळजीत पडली, तर सुदर्शन म्हणाला, "रिचार्ज संपला असेल. थांब, इथूनच करतो." त्याचाही संदेश आला, रिचार्ज झाल्याचा. फोन तरीही लागला नाही. मंदाकिनीने आणखी दोन महिने रोज संध्याकाळी तो नंबर लावून पाहिला. मी तिच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर होतो. पलीकडून येणारे एकच यांत्रिक वाक्य मला पाठ झाले.

मग तो रविवार उजाडला.

टीव्हीवर गाणे चालू होते. सुदर्शनच्या मोबाइलवर चौथ्या पिशवीचा संदेश आला आणि तो सवयीने म्हणाला, "आई, पोहोचलं." मोबाइल त्याने उत्कर्षाजवळ ठेवला आणि चार्जर शोधायला माझ्याकडे वळला.

उत्कर्षाचे काम दुसऱ्यांनी बनवलेल्या प्रणालीतल्या चुका शोधण्याचे आहे. तिची नजर तशीच आहे. तिने सहज फोटो उघडला आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"सुदर्शन, आपण एकच पिशवी पाठवतो ना?"

"हो. का?"

"बाकावर चार आहेत."

तिने मागचे फोटो काढले. पहिल्या महिन्यात बाकावर एक पिशवी. दुसऱ्या महिन्यात दोन. तिसऱ्यात तीन. एकीचीही गाठ सुटलेली नव्हती. उत्कर्षाने आजचा फोटो बोटांनी मोठा केला.

"आई," ती हलक्या आवाजात म्हणाली, "दाराला कुलूप आहे."

 ओवीने उठून टीव्ही बंद केला.

"पण मी पाठवत होतो ना, आई," सुदर्शन म्हणाला. लहानपणी कप फुटला की त्याचा आवाज असाच व्हायचा.

"हो रे," मंदाकिनी म्हणाली. "पाठवत होतास."

ती खुर्चीचा हात धरून उठली. गुडघा कटकन वाजला. "चला. आत्ता."

"उपासना व्हायची आहे अजून."

"ती तिकडेच करू. उत्कर्षा, तो डबा दे."

वायरी, घड्याळ, सेल सगळे सोफ्यावर ओतले गेले. उत्कर्षाने मला धुतले, कोरडे पुसले. मग स्वयंपाकघरात मंदाकिनी त्या यंत्रासमोर उभी राहिली. कळीला तिने हात लावला नाही. उत्कर्षाने स्टुलावर चढून यंत्राचे वरचे झाकण काढले, तांदूळ एका परातीत ओतला आणि परात सासूबाईंसमोर धरली. मंदाकिनीने हात घातला.

दोन वर्षांनी माझ्यात तांदूळ वाजला. खणखणीत. मी अगदी रिकामा होतो ना.

"मी पण," ओवी म्हणाली. तिची मूठ पडली. मग उत्कर्षाची. सुदर्शन दारात चाव्या घेऊन उभा होता. आईने त्याच्याकडे पाहिले. तो आत आला आणि त्याने पहिल्यांदाच आपली मूठ माझ्यात रिकामी केली. बोटांमधून चार दाणे ओट्यावर सांडले, तेही त्याने वेचून घातले.

गाडीत मी मंदाकिनीच्या मांडीवर होतो. तिचे दोन्ही हात माझ्या झाकणावर, बरोबर त्या गंजाच्या ठिपक्याशी. हिंजवडीच्या बाहेर पडल्यावर तिने डोळे मिटले.

"देवा," ती म्हणाली, "आम्ही उशीर केलाय. तू करू नकोस."

एवढीच प्रार्थना. सगळे आमेन म्हणाले, आणि सुदर्शनचा आमेन सगळ्यांत शेवटी आला.

रविवारच्या सकाळी विश्रांतवाडीला पोहोचायला पन्नास मिनिटे लागली. फक्त पन्नास मिनिटे, मित्रांनो.

इमारतीला लिफ्ट नाही. सुदर्शन मला घेऊन दोन दोन पायऱ्या चढत वर गेला. कुलूप होते. बाकावर चार पिशव्या ओळीने नीट मांडलेल्या होत्या, आणि पहिलीतल्या तांदळाला जाळी धरली होती. सुदर्शनने दार वाजवले. कुलूप लावलेले दार वाजवण्यात काय अर्थ, पण त्याने वाजवले, दोनदा, तीनदा.

तेवढ्यात मला वास आला. कढीपत्त्याच्या पिंपातली माती ओली होती. कोणीतरी आजच पाणी घातले होते.

"कोण पाहिजे?" खालून एका तरुणीचा आवाज आला. हातात पाण्याची बादली घेऊन ती जिन्यात उभी होती.

"इंदूमावशी..." सुदर्शनने कुलपाकडे बोट दाखवले.

"आजी होय? त्या खाली आमच्याकडे असतात. मी पूर्वा. अडीच महिन्यांपूर्वी न्हाणीघरात पडल्या. मनगट मोडलं, कंबरेलाही लागलं. जिना चढवत नाही आता त्यांना." मग तिने त्याला नीट न्याहाळले. "तुम्ही हिंजवडीचे का? फोन त्यांच्या अंगाखाली येऊन फुटला. नंबर सगळे त्यातच. रोज म्हणतात, मंदा येईल, मंदा येईल. आम्हाला वाटायला लागलं होतं की मंदा म्हणून कोणी नसावंच."

सुदर्शन मला छातीशी धरून खाली आला. मंदाकिनी तोवर आधार घेत घेत पूर्वाच्या दारापर्यंत पोहोचली होती.

इंदुबाई खिडकीजवळच्या पलंगावर बसल्या होत्या. फार बारीक झाल्या होत्या. डावे मनगट अजून पट्टीत होते. त्यांनी दारात पाहिले, पुष्कळ वेळ पाहिले.

"आलीस?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, हिंजवडीहून बाहेर यायला रस्ताच ठेवला नाहीये."

 मंदाकिनी त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि तिने त्यांचा चांगला हात हातात घेतला.

"मावशी, वरच्या पिशव्या मी पाठवल्या होत्या," सुदर्शन म्हणाला.

"तू?" इंदुबाईंना खरेच आश्चर्य वाटले. "अरे, पिशवीवर माझं नाव होतं, पण पाठवणाऱ्याचं नव्हतं. म्हटलं, चुकून आलंय कुणाचं तरी. ज्याचं असेल तो येईल न्यायला. पूर्वाला सांगितलं, हात लावायचा नाही. परक्याचं अन्न आहे."

सुदर्शन खाली बसला. पलंगाशेजारी, जमिनीवरच. त्याने डोके त्यांच्या गुडघ्याला टेकवले आणि इंदुबाईंनी आधी मला मांडीवर घेतले, मग त्याच्या केसांवरून हात फिरवला. हाच क्रम होता, मी नीट पाहिले.

त्यांनी मला हलवले. कान माझ्याजवळ आणला.

"थोडे आहेत," त्या म्हणाल्या.

"एकाच दिवसाचे आहेत, इंदुबाई," मंदाकिनी म्हणाली. "चार मुठी."

"असू देत. ह्याला आवाज तरी आहे. त्या पिशव्या मुक्या होत्या." मग झाकण उघडून त्यांनी आत हात घातला, दाणे बोटांतून सोडले. "पूर्वा, हे आज तुझ्या भातात टाक. आणि वर जाऊन कढीपत्ता घेऊन ये. चांगली मोठी डहाळी. रिकामं भांडं परत करत नाहीत."

दुपारी सगळे तिथेच जेवले. जेवणाआधी मंदाकिनीने डोळे मिटले, तेव्हा इंदुबाईंनी पूर्वाला खूण करून गॅस बारीक करायला लावला.

मित्रांनो, आता माझी जागा पुन्हा स्वयंपाकघरात आहे, त्या यंत्राच्या शेजारी. यंत्र तसेच आहे. त्याच्यावर माझा राग नाही. त्याच्या कप्प्यात तांदूळ पडला की वाटी भरण्याआधी पहिली मूठ उचलली जाते. ओवीने वजनकाट्यावर मोजून पाहिले: आजीची मूठ अडतीस ग्रॅम, तिची एकोणीस. बरोबर निम्मी. दर वाढदिवसाला ती पुन्हा मोजणार आहे. कधी कधी सगळे विसरतात. मग कोणीतरी भात शिजत असताना धावत येते, आणि मंदाकिनी म्हणते, "आता राहू दे. उरलेलं नको. उद्या आधी."

शनिवारी संध्याकाळी सुदर्शनचा फोन अजूनही वाजतो. गेल्या शनिवारी तो वाजत असताना मी त्याच्या हातात होतो. त्याने फोनकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि फोन खिशात घालून लिफ्टची कळ दाबली.

माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या घरात सुखे येऊ देत, भरपूर येऊ देत. फक्त त्या सगळ्यांत हाताला येईल अशा जागी माझ्यासारखा एखादा डबा ठेवा. पहिली मूठ त्यात टाका. आणि भरला की कोणाबरोबर पाठवू नका, स्वतः घेऊन जा, घटकाभर बसा. येताना झाकण उघडून वास घ्या. मी अकराव्या मजल्यावर राहतो, पण माझ्या पोटात, त्या अर्ध्या शेंगेच्या चित्रावर, आत्ताही विश्रांतवाडीच्या कढीपत्त्याची पाने आहेत.